बॅकअप मोठ्याने वाचताना

हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालवून पाहण्याचा प्रयोग कसबा पेठेतल्या आमच्या घरी झाला, याचे कारण यूपीएस. तो माझ्याकडे होता. ज्याच्याकडे यंत्र होते, त्याच्या खोलीत एक पलंग, एक पंखा आणि एकच प्लग होता.

तो आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचा. वय सव्वीस. मूळचा वर्ध्याकडचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेली ही दुसरी पिढी, आणि इंजिनिअर झालेला हा पहिलाच. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्याला तीन वर्षे झाली होती. त्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीलाही पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. ती बुधवारी येणार होती. तिच्यासाठी त्याने शेजारची खोली घेऊन ठेवली होती. फी, दोन खोल्या, दोन डबे, सगळे त्याच्या एका पगारावर चालणार होते.

अमेरिकेतली कामे आटल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच मीच पानात लावल्या होत्या. त्याच्या कंपनीचे काय, असे मी त्याला विचारलेही होते.

"आपल्याला काही होत नाही, भाऊ," तो म्हणाला होता. "ज्याला काढायचं आहे त्याला कोणी आपलं मशीन देते का?"

मशीन दिले होते त्याच्या मॅनेजरने. मॅनेजर अमेरिकेहून नवीन घेऊन आले होते आणि जुने पडून होते. 'तुझं ते लिनक्स चालतं का बघ यावर. सोमवारी परत आण. आतला माझा डेटा मात्र सीडीवर काढून दे, लागेल कधीतरी,' एवढे सांगून त्यांनी ते त्याच्या हातात ठेवले होते. आत खासगी काही आहे का, असे त्याने विचारले. सगळे कामाचेच आहे, असे उत्तर मिळाले.

तो लिनक्सवाला होता, म्हणजे विंडोजऐवजी फुकट मिळणारी ही प्रणाली वापरणारा. शहरात अशा तरुणांचा एक गट होता. कोणाच्या तरी क्लासच्या रिकाम्या खोलीत ते महिन्यातून एकदा जमायचे आणि एकमेकांना सीड्या द्यायचे. हातातल्या कॉम्प्युटरसाठी बनवलेले एक नवे लिनक्स आले होते. त्याने ते सायबर कॅफेत बसून पाच दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी उतरवून घेतले होते. पुण्यात ते कोणी चालवल्याचे त्याला माहीत नव्हते. आमच्या दैनिकात कॉम्प्युटरचे पान सुरू झाले होते. ते दुसऱ्या कोणाला नको होते म्हणून माझ्याकडे आले होते. या प्रयोगावर मजकूर होईल, असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी साडेनऊला तो यंत्र घेऊन आला. करडा रंग, तळहाताएवढा आकार, कडेच्या खाचेत प्लास्टिकची एक काडी. काडीने पडद्यावर टेकवायचे, की फाइल उघडते. त्याने मला दोन धोके सांगितले. पहिला असा की, यंत्र सुरू होताना सर्वांत आधी जो छोटा प्रोग्रॅम चालतो तो बदलताना वीज गेली, तर यंत्र कायमचे बंद पडते. त्यासाठी यूपीएस. दुसरा असा की, नवे लिनक्स चढले की आतले जुने सगळे पुसले जाते. त्यासाठी बॅकअप. बॅकअप त्याने घेतला होता आणि तो माझ्या कॉम्प्युटरवर उतरवला.

"घेतला खरा," तो म्हणाला, "पण भरवसा नाही. आमच्यातल्या एकाची फाइल होती, नाव होतं, साइज होती. पुसल्यावर उघडली तर आत काही नाही."

दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहणारा प्रोग्रॅम असतो. पण लिनक्सवर उघडाव्यात म्हणून त्याने बॅकअपमधल्या फाइलींचे रूप बदलले होते. त्यामुळे तो प्रोग्रॅम उपयोगाचा नव्हता.

तेव्हा मी त्याला आमची पद्धत सांगितली. वृत्तपत्रात महत्त्वाचे प्रूफ दोघे मिळून तपासतात. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा प्रुफावर बोट ठेवून ऐकतो. वाचणारा स्वल्पविरामसुद्धा उच्चारतो. आवाज सपाट ठेवायचा, अर्थाकडे लक्ष द्यायचे नाही. अर्थ कळायला लागला की डोळा पुढे धावतो आणि चूक मागे राहते. जुळत असेल तोवर ऐकणारा गप्प असतो. जुळले नाही की म्हणतो, "थांबा." मी ते काम अकरा वर्षे केले होते. अर्थ न कळता वाचण्यात माझा हात धरणारे आमच्या कार्यालयात फार नव्हते.

त्याला पद्धत आवडली. मी कॉम्प्युटरवरचा बॅकअप वाचायचा, त्याने यंत्राच्या पडद्यावर काडी फिरवत मूळ पाहायचे. मोठ्या फाइलींच्या पहिल्या आणि शेवटच्या दहा ओळी, छोट्या फाइली पूर्ण, असे ठरले.

वाचायला सुरुवात केली. फोन नंबर, बैठकांच्या वेळा, विमानाची आरक्षणे, प्रवासाला न्यायच्या सामानाची यादी. मजकूर इंग्रजी होता. मी विरामचिन्हांसकट वाचत होतो. माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"हे पारायण किती अध्यायांचं आहे?" तिने विचारले. "म्हणजे पोहे त्या बेताने टाकते."

"चाळीस फाइली आहेत, वहिनी," तो म्हणाला.

"मग उद्यापन इथेच करा. प्रसादाला पोहे."

ती आत गेली. एकतिसावी की बत्तिसावी फाइल छोटी होती. नावात फक्त तिमाहीचा आकडा. आत अकरा ओळी. प्रत्येक ओळीत आधी आडनाव, मग नावाची आद्याक्षरे, मग कंपनीत किती वर्षे, मग एक शेरा आणि शेवटी एक तारीख. तारीख सर्वांपुढे एकच होती, चालू महिन्याच्या अखेरची. मी वाचत गेलो. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरे, स्वल्पविराम. पहिल्या शेऱ्याचा अर्थ 'प्रकल्प संपला' असा होता. दुसरा 'पगाराच्या मानाने काम कमी.' सातव्या ओळीचा शेरा इतरांपेक्षा लांब होता. मराठीत सांगायचे तर 'हुशार. पण लक्ष बाहेरच्या गोष्टींत. लिनक्स.' तो मी वाचला, तीनही पूर्णविराम उच्चारले, तारीख वाचली आणि आठव्या ओळीवर गेलो.

"थांबा," तो म्हणाला.

"कुठे जुळत नाही?"

"जुळते."

"मग?"

"जुळून राहिलं, भाऊ. बरोबर आहे सगळं. सातवी ओळ परत वाचा."

मी परत वाचली. पुन्हा त्याच आवाजात. अर्ध्यावर आल्यावर ओळीच्या सुरुवातीचे ते आडनाव मला ऐकू आले. ते खाली दाराशेजारच्या पोस्टाच्या पेटीवर त्याने स्वतः लिहून चिकटवले होते. मी ते रोज जाता-येता पाहत होतो. पुढचे अक्षर त्याच्या नावाचे, त्याच्या पुढचे वडिलांच्या. वर्षे तीन.

माझे वाचन थांबले. तो यंत्राच्या पडद्याकडेच पाहत होता. काडी त्याच्या बोटांत होती आणि तिचे टोक सातव्या ओळीखाली टेकलेले होते. ते हलत नव्हते. आत फोडणी पडल्याचा आवाज आला.

मग मी एक वाक्य बोललो. ते इथे लिहिणे भाग आहे. मी म्हणालो, "ही बातमी आहे."

त्याने मान वर केली.

"दोनदा वाचलं तुम्ही," तो म्हणाला. "पहिल्या वेळी माझं नाव दिसलं नाही तुम्हाला. बातमी मात्र बरी दिसली."

मी खुर्ची कॉम्प्युटरपासून मागे सरकवली.

पत्नी पोह्यांच्या बशा घेऊन आली. दोघांचे चेहरे पाहून म्हणाली, "काय, पुसलं गेलं वाटतं?"

"नाही वहिनी, सगळं शाबूत आहे," तो म्हणाला आणि बशी घेतली. पोहे त्याने खाल्ले नाहीत. बशी मांडीवर ठेवून तो मला म्हणाला, "आठव्या ओळीपासून."

"आता कशाला?"

"तपासणं अर्धं ठेवायचं नसते ना तुमच्यात?"

उरलेल्या चार ओळी मी वाचल्या. या वेळी प्रत्येक नाव ऐकू येत होते. त्यापुढच्या फाइलीही वाचल्या. सगळे जुळले. त्याने बॅकअप सीडीवर उतरवला, सीडी उघडून पाहिली. मग यंत्र यूपीएसला जोडले आणि लिनक्स चढवायला सुरुवात केली.

मी थांब म्हणालो. मॅनेजरला यंत्र आहे तसे परत दे, म्हणालो. त्याने ऐकले नाही. पडदा पांढरा झाला, मग काळा, मग त्यावर अक्षरांच्या बारीक ओळी सरकू लागल्या. पावणेबारा वाजता वरच्या कोपऱ्यात लिनक्सची खूण असलेला पेंग्विन उमटला. एरवी या क्षणी तो ओरडला असता. तो म्हणाला, "लिहून घ्या."

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. ती टिपणे अशी. पडदा चालतो. काडी आधी पाच खुणांवर टेकवून जुळवून घ्यावी लागते. घड्याळ एक जानेवारी एकोणीसशे सत्तर दाखवते. आवाज नाही. मेमरी कार्ड ओळखले जाते. बटण दाबून यंत्र झोपवल्यावर दोनदा जागे झाले, तिसऱ्यांदा नाही. मराठी अक्षरे दिसतात, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. प्रत्येक चाचणी त्याने दोनदा केली. त्याचा आवाज माझ्या प्रूफ वाचण्याच्या आवाजासारखा होता.

जाताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. हे कुठे छापायचे नाही. आणि बहीण आली की तिला तो स्वतः सांगेल, वहिनींनाही आत्ता कळायला नको. मी दोन्ही मान्य केल्या.

सोमवारी संध्याकाळी तो सरळ आमच्याकडे आला. आत आला नाही, जिन्यात उभा राहून बोलला. मॅनेजरने यंत्र पाहिले, पेंग्विन पाहून हसले, शाबासकी दिली. बॅकअप नीट आहे ना, असे विचारले.

"मी म्हटलं, तपासला सर. दोघांनी बसून, मोठ्याने वाचून. अकरा ओळींची एक फाइल आहे, तीही जुळली."

"मग?"

"त्यांनी उठून दार लावलं."

पुढचे त्याने जसे सांगितले तसे लिहितो. ती फाइल पुसली आहे, अशी मॅनेजरची समजूत होती. हे आपल्या हातात नाही, वरून आकडा येतो, असे ते म्हणाले. शेरा कोणी लिहिला, असे याने विचारले. त्यावर ते म्हणाले, तुझे नाव बदलता येईल. आकडा बदलता येणार नाही. तुझ्या जागी दुसरे नाव टाकावे लागेल. याने विचारले, कोणाचे? त्यांनी सांगितले. याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचे. बुधवारपर्यंत कळव, म्हणाले.

"तिच्यापुढे शेरा काय लिहाल, असं विचारलं मी."

"काय म्हणाले?"

"शेरा काय, शोधला की सापडतो."

जिन्यात खालून कोणीतरी वर येत होते. आम्ही दोघे भिंतीला सरकून उभे राहिलो. ते गृहस्थ गेल्यावर त्याने विचारले, "भाऊ, तुम्ही सांगा. काय करू?"

मी दोन्ही बाजू मांडल्या. बहिणीचे पहिले वर्ष, वडिलांचे वय, बाजारात नोकऱ्या नाहीत. दुसरीकडे ती मुलगी, आणि एकदा असे टिकलेली नोकरी पुढच्या तिमाहीत टिकेलच असेही नाही. मी हे सगळे व्यवस्थित, दोन्हीकडे सारखे वजन ठेवून सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकले.

"चांगलं मांडलं," तो म्हणाला, आणि वर गेला.

मंगळवारी तो दिसला नाही. बुधवारी सकाळी बहिणीला स्टेशनवरून घेऊन आला. दोन पत्र्याच्या पेट्या, एक गादीची वळकटी. मुलगी बारीक चणीची, सारखी बोलणारी. पेट्या वर न्यायला मी हात लावला. खोलीत तिने खिडकी उघडून पाहिली, नळ सोडून पाहिला, दादाला म्हणाली, "पाणी चोवीस तास येते का रे इथे?"

तो दारातच उभा होता. म्हणाला, "बस जरा. सांगायचं आहे."

मी निघालो, तर त्याने मला थांबायची खूण केली. तिला त्याने चार वाक्यांत सांगितले. नोकरी महिनाअखेर जाणार. यादी आधीच ठरली आहे. नाव बदलून मिळत होते, मी आत्ता स्टेशनवरून फोन करून नको म्हणून सांगितले. बाबांना अजून माहीत नाही.

ती उघड्या पेटीजवळ खाली बसली होती. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. तो तिने खाली ठेवला नाही.

"मग मी ॲडमिशनला जाऊ की नको?" तिने विचारले.

"जायचं. फी भरायची आज शेवटची तारीख आहे."

ती उठली. डबा कोनाड्यात ठेवून कागदपत्रांची पिशवी शोधू लागली. त्याने मला विचारले, बायोडाटाच्या झेरॉक्स जवळ कुठे स्वच्छ निघतात. मी कोपऱ्यावरचे दुकान सांगितले. दहा वाजता दोघे बरोबरच खाली उतरले. त्याच्या नोकरीचे अजून तीन आठवडे शिल्लक होते, आणि ऑफिसला त्याला उशीर झाला होता.