क्याबात काका गप्प बसतात

क्याबात काकांना दाद आवरत नसे. दिल्लीत, आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते वरच्या मजल्यावर राहत. वरून "क्या बात है!" ऐकू आलं, की रेडिओवर चांगलं गाणं लागलंय किंवा पानात भरली वांगी पडली आहेत, एवढं आम्हाला खाली कळे. तिथल्या मराठी मंडळाच्या मैफलीत ते पहिल्या रांगेत बसत. गवयाने नुसता तंबोरा जुळवला तरी यांची मान डोलू लागे.

"दाद पोटात ठेवली की अपचन होतं," असं ते म्हणत.

त्यांची मुलगी मंजिरी माझी मैत्रीण. कुणाच्या नादाने कोण जाणे, ती पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकली आणि दिल्लीतल्या एका वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. पहिलाच कार्यक्रम, तोही एका जर्मन संगीतकाराच्या सिंफनीचा. एकोणिसाव्या शतकात या रचनेने सगळे जुने नियम मोडले होते, असं मंजिरी सांगायची. ऐकणाऱ्यांसाठीचे नियम मात्र कडक.

"बाबा, प्लीज, तोंडातून आवाज नको. मध्ये मध्ये एकेक भाग संपून संगीत थांबेल, तेव्हा टाळीसुद्धा नाही. सगळे बघतील."

"बिल्कुल नाही वाजवणार," काका म्हणाले.

सभागृहात ते माझ्या शेजारी होते. व्हायोलिनं एकदम उसळली आणि काकांचा हात वर गेला. त्यांनी तो खाली ओढून मांडीखाली दाबला. थोड्या वेळाने दुसराही दाबला. मला हसू आवरेना. यांचे डोळे मात्र भरून आले होते.

शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. काका तसेच बसलेले, दोन्ही हात मांडीखाली. "अजून एखादा भाग असला तर?" म्हणाले. मी दंडाला धरून ओढलं तरी उठेनात. मंजिरीने स्टेजवरून नेमकं तेवढंच पाहिलं.

बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. "बाबा, इतकं वाईट वाजवलं मी?"

"संपलं ना नक्की?" काकांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि "क्या बात है, बेटा, क्या बात है!" असे काही ओरडले, की चहाच्या रांगेतले सूटवाले वळून पाहू लागले.

"सगळे बघतायत, बाबा," मंजिरी रडता रडता हसत म्हणाली. पण तिने हात सोडवून घेतले नाहीत.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. मंजिरी आता वाद्यवृंदात अगदी पुढच्या खुर्चीवर बसते, टाळ्याही पुष्कळ मिळतात. कार्यक्रम संपला की बाहेर येऊन मला विचारते, "कसं झालं?" मी "फार छान" म्हणते. ती "थँक्स" म्हणते, आणि तरी थोडा वेळ माझ्यासमोर उभीच राहते.