गुडघ्याचं माप

आमच्या गावच्या तलावात एक बेट आहे. त्यावर तेव्हा अकरा घरं होती, सगळी गोंडांची. हे बेट माणसांनी केलेलं. गोंड राजांच्या काळात कुणीतरी चारी बाजूंनी घडीव दगड रचले, आत माती भरली आणि वर वस्ती केली. राजे गेले, त्यांच्या इमारतींचे कोरीव खांब घरांच्या ओट्यांना लागले, वस्ती राहिली. बाजाराला यायचं तर ती माणसं डोंग्यातून येत.

मालगुजारी गेली, तलाव मालगुजाराकडून गावाकडे आला, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात तलावाचं पाणी सांभाळायला गावाने पाच पंच नेमले. मोजमाप माझ्याकडे आलं. मापात मी चुकत नाही असा माझा लौकिक होता. अजूनही आहे.

पोळ्यानंतर सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, बांधला की शेवटचा पाऊस वाहून न जाता उशिरा पिकणाऱ्या भारी धानासाठी साठतो. किती उंच बांधायचा हे ठरवायची रीत जुनी होती. बेटावरचा सर्वांत म्हातारा माणूस घाटाच्या एका ठरावीक दगडावर उभा राही. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत, त्यापुढे नाही.

मी खुणांची काठी घेऊन घाटावर गेलो. म्हाताऱ्याच्या गुडघ्यापासून सर्वांत खालच्या घराचा उंबरा तीन हात वर होता. सांडवा सव्वा हात वाढवला तरी उंबरा पावणेदोन हात कोरडा राहणार, आणि धानशेतीच्या शेवटच्या बत्तीस बांध्यांना पाणी मिळणार. त्यांतल्या दोन माझ्या होत्या. ते सर्वांना माहीत होतं, म्हणून मी वेगळं सांगितलं नाही.

तलावाच्या पाळीवर बैठक बसली. म्हातारा म्हणाला, "गुडघ्याच्या वर नाही, बापू."

"काऊन?" एका पंचाने विचारलं.

"माह्या बापानं सांगतलं."

मी म्हणालो, "बुढेबा, तुमचे वडील तुमच्यापेक्षा वीतभर उंच होते, मी पाहिलंय त्यांना. तुम्ही आता वाकलात. तुमच्याबरोबर तलावानंही म्हातारं व्हायचं का?"

सगळे हसले. मागून कुणी ओरडलं, "एखादा लंबा जवाई पाहून आणजो बुढ्या, आमचेही धान पिकतीन!"

म्हातारा हसला नाही. "बाप एक गोटा खाली उभा राहे," तो म्हणाला.

ते मी ऐकलं. माणूस बदलला तसा दगड बदलला, पाण्याची रेघ तीच राहिली, एवढा सरळ त्याचा अर्थ. तो मला त्याच क्षणी कळायला हवा होता. हशा माझ्या बाजूने होता, आणि मी काठी उचलून उठलो.

पाणी माझ्या रेघेपर्यंत आलं आणि थांबलं. बोटभरही वर गेलं नाही. पण दसऱ्यापासून बेटावरच्या घरांत जमीन पाझरू लागली. दिवाळीआधी एका घराची मागची भिंत बसली. पाणी सोडणारा पाणकर माझ्याकडे धावत आला, "सांडवा फोडू का?" धान पोटरीत होतं. मी म्हणालो, "पंधरा दिवस थांब."

त्या पंधरा दिवसांत आणखी चार घरं बसली. कुणाला इजा झाली नाही. अकराही कुटुंबं छपराची कवेलू, दळायची जाती, शेळ्या डोंग्यांत घालून काठावर आली आणि झोपड्या घालून राहिली. मला कुणी बोललं नाही. माप तर बरोबर होतं.

वैशाखात पाणी उतरलं तेव्हा मी बेटाभोवती पायी फिरलो. घाटाच्या बाजूला दगडी पायऱ्या थेट वरपर्यंत जातात. मी मोजलं होतं ते तेवढंच. बाकी तिन्ही बाजूंना दगडांची भिंत एका रेघेत संपत होती आणि वर नुसती माती. काठी लावली. तीनदा लावली. दगड म्हाताऱ्याच्या गुडघ्याला संपत होते.

मी त्याच्या झोपडीत जाऊन हे सांगितलं.

"मले काय माहीत गोटे कुठलोग हायेत!" तो म्हणाला. "बापानं गुडघा सांगतला, मी गुडघा सांगतलो. काठी त तुमच्या हातात होती. पाहून घ्याचं होतं." मग त्याने विचारलं, "पाणी खाली घेसान त वापस जाता येईन का?"

"येईल," मी म्हणालो.

पुढच्या पोळ्यानंतर बैठकीत मी सगळं सांगितलं आणि सांडवा गुडघ्यावर आणायला म्हणालो. एक पंच म्हणाला, "आता बेटावर कोण राहून राहिला? कोणासाठी उतरवता?" म्हातारा टोकाला बसला होता. माझ्या बाजूने माझा एकट्याचा हात वर झाला. चौघांचे खाली राहिले. सांडवा माझ्या मापाचाच राहिला.

कार्तिकात पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत पोचलं. पाणकराने मला हाक मारली. मी फावडं घेऊन गेलो, बांधीचा धुरा फोडला आणि माझ्या दोन्ही बांध्या काठोकाठ भरून घेतल्या.