फोटो भाटकाराचा होता

धनत्रयोदशी. संध्याकाळचे सव्वापाच. रक्कम पाच हजार रुपये. हजर माणसं चार: सोप्यावरच्या खुर्चीत आमचे जमीनमालक भाटकार, शेजारी त्यांचे पणजीहून आलेले मेव्हणे, गाडी पुसणारा ड्रायव्हर, आणि खाली खळ्यात चपला काढून उभा असलेला मी.

मी एवढंच म्हटलं होतं, "बाब, सकाळी पैसे पाठवले. आश्रमाची पावती मिळाली तर बरं."

भाटकारांनी माझा मोबाईल मागून घेतला. मेसेज वाचला. मेव्हण्यांना दाखवला. दोघं हसले.

"तुझ्याकडे मी पैसे मागतलंय? पाच हजार? माझ्या कुत्र्याचा औषध त्यापेक्षा म्हाग." मग मेव्हण्यांकडे वळून, "ह्यांच्यासारक्यांक मोबायल गावलो, हीच चूक."

ड्रायव्हरसुद्धा हसला. तो आमच्याच वाड्यावरचा.

मी बावन्न वर्षांचा. एका पतसंस्थेत हिशेबनीस. भाटकारांना मी अरे-तुरेतलाच. कोरगावात त्यांच्या जमिनीत आमचं घर उभं आहे. आम्ही त्यांचे मुंडकार, आजोबांपासून.

सकाळी काय घडलं ते सांगतो. नव्या नंबरावरून मेसेज आला. वर भाटकारांचा फोटो, जत्रेतल्या पालखीपुढचा, फेट्यातला. खाली मजकूर: "दिवाळीनिमित्त अनाथ मुलांच्या आश्रमाला देणगी देत आहे. तू पाच हजार पाठव. वाड्यावर सांग. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको."

चार मिनिटांत पैसे पाठवले. वर लिहिलं, "होय बाब." मग तो मेसेज वाड्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मी दिले."

संस्थेत मी सहीशिवाय व्हाउचर पुढे सरकू देत नाही. अनोळखी नंबराला पैसे पाठवू नका, आधी फोन करून खात्री करा, हा कागद खातेदारांसाठी मीच टाइप करून काचेवर चिकटवलाय. बायको त्या रात्री जेवताना म्हणाली, "म्हज्या भावाक हप्त्यात सात रुपये कमी म्हणून परत धाडलात. आणि हंय फोटो बघून पाच हजार?"

उत्तर जुनं होतं.

मी नऊ वर्षांचा होतो. तिन्हीसांजेला दारात कोणीतरी उभं राहिलं. तोंड दिसेना. मी विचारलं, "कोण तें?" ते भाटकार होते, आताच्यांचे वडील. बाबा आतून धावत आले आणि त्यांच्यासमोर माझ्या कानाखाली वाजवली. "भाटकाराक नाव विचारतंस?" मला कान धरून उभं केलं. भाटकार म्हणाले, असूं दे, ल्हान आसा. बाबा हात जोडून उभेच.

कोण तें, हे त्या दिवसापासून मी मोठ्या माणसाला विचारलं नाही. त्या चोराला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्याने फक्त हुकूम दिला, फोन करू नको म्हणाला. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर मला संशय आला असता. भाटकाराच्या तोंडी तो मजकूर मला अगदी बरोबर वाटला. ते असेच बोलतात.

सोप्यापुढे मी म्हटलं होतं, पोलिसांत तक्रार देतो. तेव्हा हसणं थांबलं. भाटकार पायरीपर्यंत आले. आवाज खाली.

"माझो फोटो, माझा नाव पोलिसांत जाता कामा नये. लोक काय म्हणतले? तुझ्या घराच्या कागदार माझी सही जावपाची आसा. विसरलंस?"

विसरलो नव्हतो. घर माझ्या नावावर करणाऱ्या त्या सहीसाठी मी अकरा वर्षं त्यांच्या पायऱ्या चढत होतो. पायऱ्याच. सोप्यावर कधी बसलो नाही. म्हणून त्या दिवशी मान खाली घालून घरी आलो. ठरवलं, पाच हजार गेले ते गेले.

नरकचतुर्दशीच्या सकाळी, पोहे खाऊन उठतो तोच शेवंतीकाकी आली. आमच्या शेजारची, विधवा, हरमलला पर्यटकांच्या खोल्या झाडायला जाते. तिनेही हजार रुपये पाठवले होते, नातवाच्या मोबाईलवरून. म्हणाली, पावती येतली मरे? मी खरं सांगितलं. म्हटलं, काकी, फोटो बघून मीच फसलो.

ती रागावली नाही. ते फार वाईट.

"भाटकाराक बघून दिलंय नाय रे," ती म्हणाली. "तुका बघून दिलंय."

माझे पाच हजार मी त्या सहीसाठी सोडले असते. काकीचे हजार माझ्या "मी दिले"वर गेले होते. त्यानंतर गप्प बसलो असतो तर चोरात आणि माझ्यात फरक तो किती?

त्याच सकाळी ग्रुपवर लिहिलं: मेसेज खोटा, चूक माझी, आणखी कोणी पैसे पाठवू नका, ज्यांनी दिले त्यांनी मला सांगा. मग पेडण्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. नंबर, वेळ, व्यवहाराचा क्रमांक, सगळं लिहून नेलं होतं. हवालदार फोटो बघून थबकला. म्हणाला, नाव घालायलाच हवं का? मी म्हटलं, त्याच नावाला लोक फसतायत. घाला.

संध्याकाळी भाटकारांचा निरोप आला. सही विसर.

आज हे लिहितोय तोपर्यंत बँकेकडून एक रुपया परत आलेला नाही. भाटकारांकडे मी पुन्हा गेलो नाही. कायदा मुंडकाराला भाटकाराच्या सहीशिवाय थेट मामलेदाराकडे जायला देतो. हे मला अकरा वर्षं ठाऊक होतं, धीर नव्हता.

शेवटी दिलेले पैसे असे. शेवंतीकाकीला एक हजार, माझ्या पगारातून. ती घेत नव्हती, हातात कोंबले. आणि मामलेदाराकडे घराचा अर्ज घालणाऱ्या वकिलाला तीन हजार. पावती घेतली.