वेदीवरचं कापड

आमच्या सेक्रेटरीसाहेबांना एक इंग्रज पाहिजे होता. मेलेला चालला असता, पण इंग्रजच पाहिजे.

झालं असं, की धर्मप्रांतानं आपल्या सगळ्या जुन्या देवळांचा इतिहास एका जाड पुस्तकात छापायचं ठरवलं. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. बिशपसाहेबांची माणसं येणार, देऊळ बघणार, फोटो काढणार, असा निरोप भिवंडीत आला आणि आमच्या कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या अंगातच आलं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून रिटायर होऊन ते इथं राहायला आले होते आणि आल्यापासून त्यांना आमची लाज वाटत होती.

आता आमचा इतिहास तो केवढा? आमचे आजे-पणजे दुष्काळात नगरकडून आले आणि इथं हातमागावर लागले. एका मागाच्या शेडमध्येच प्रार्थना करायला लागले. ठाण्याहून एक गोरा पाद्री कधीमधी यायचा, कशेळीला होडीतून खाडी ओलांडून. त्यानं शेडवर हात ठेवून आशीर्वाद दिला, झालं देऊळ! भिंती पुढं आपल्याच लोकांनी चढवल्या. दुसरीकडच्या देवळांना दगडी मनोरे आहेत, घंटा आहेत, साहेबांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या आहेत. आमच्या डोक्यावर पत्रा आणि दोन्ही बाजूंना लूम. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी उपासनेच्या वेळी खटाखट चालूच असतं आणि पाळकसाहेब उपदेश करत नाहीत, ओरडतात.

पण एक गोष्ट आमच्याकडे होती, ती कुठल्याच मनोऱ्याच्या देवळात नव्हती. हंगामाच्या सणाला गावोगावचे लोक वेदीपुढं भात, भोपळे, कोंबड्या आणतात. आमच्या लोकांना कुठली आलीय शेती? ते लूमवरचं कोरं कापड आणायचे. लूमचे शेठ मुसलमान, पण ते स्वतः कापून द्यायचे. बायका त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं क्रूस भरायच्या. ते कापड वर्षभर वेदीवर राहायचं, मग घडी होऊन पेटाऱ्यात जायचं. मंडळीतलं कुणी गेलं, की त्याला शवपेटीत त्याच कापडात गुंडाळायचं. माझे वडील त्यातच गेले. दुकानातलं कापड आमच्यात कुणी मयताला घालत नसे.

त्या वर्षी आईला कॅन्सर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या बापासारखं मलाबी वेदीवरच्या कापडात घाल. बाकी काय बी कर."

मी म्हणाले, "घालीन गं आई."

आणि एका दुपारी मी देवळात गेले तर रंगकाम चाललेलं. वेदीवर मुंबईहून आणलेली लाल मखमल, सोनेरी झालरीची, लग्नाच्या स्टेजवर असते तसली. भिंतीवर नवीकोरी पाटी, की हे देऊळ एका इंग्रज साहेबानं बांधलं. आणि खाली रंगारी फरशीवरचे निळ्या डिस्टेंपरचे शिंतोडे पुसत बसलेला. त्याच्या हातातल्या फडक्याच्या कोपऱ्यात लाल क्रूस.

मी ते हिसकावलं. तो बिचारा घाबरला, "दीदी, ये तो पोछे का कपड़ा है. साब ने पूरी पेटी दी थी." बाकीची कापडं मागच्या गटारात पडली होती, काळी ठिक्कर. हातात राहिलं ते एकच, आणि तेही निळ्या डागांनी भरलेलं.

सेक्रेटरीसाहेब आले. मी विचारलं, "कुठल्या इंग्रजानं बांधलं हो हे देऊळ?"

"असेल की कुणीतरी, ताई. पुस्तकात काय मागाची शेड छापायची?"

"आणि ही कापडं?"

"ग्रे कापड होतं ते, लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं. मोठी माणसं येणार, त्यांना काय मयताची फडकी दाखवायची? घाण दिसतं."

घाण! शी! त्या माणसाच्या अंगाला अत्तराचा वास येत होता, आणि मला त्याच्याशेजारी उभं राहवेना. पाळकसाहेब बाजूलाच होते. ते म्हणाले, "ताई, शांती ठेवा." मला त्यांची त्याहून जास्त किळस आली. याच हातांनी त्यांनी दर वर्षी त्या कापडावर प्रार्थना केली होती.

घरी येऊन ते कापड मी रॉकेलनं घासलं, साबणानं घासलं. डाग हलेनात. नवं कापड शेठनी तेव्हाच दिलं असतं, पण वेदीवर वर्ष काढायला आईकडे वर्ष कुठं होतं? मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. वाटलं, ही आता खचणार.

तिनं कापड मागून घेतलं, कोपरा चाचपला, क्रूस सापडला. "हेच घाल."

"अगं, रंग लागलाय सगळा."

"लागू दे. रंग त्यांनी लावलाय, म्या न्हाय. आन् पेटी झाकू नको. बघू दे त्यांना."

पाहुणे यायचे त्याच दिवशी पहाटे आई गेली. सेक्रेटरीसाहेब सांत्वनाला आले, डोळ्यांना रुमाल लावला आणि लगेच हळूच म्हणाले, "ताई, आज देवळात नको आणायला. सरळ कबरस्तानातच उरकू. रंग ओला आहे."

उरकू म्हणे! जिनं त्या देवळाची फरशी जन्मभर पुसली, तिला उरकायचं? माझ्या भावांनी पेटी उचलली आणि थेट देवळात नेली. पाहुणे पाटीसमोर उभे राहून फोटो काढत होते, ते बाजूला झाले. पेटी आम्ही मखमलीपुढं ठेवली, उघडीच. आई त्या निळ्या डागांच्या कापडात, क्रूस छातीवर.

सेक्रेटरीसाहेब झाकण घेऊन पुढं धावले. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या पाळकांनी विचारलं, "हे डाग कसले?"

मी सेक्रेटरीसाहेबांकडे बोट केलं. "यांना विचारा."

मंडळीतल्या बायका एकेक करून पुढं आल्या, त्यांनी आईच्या अंगावरचं कापड डोळ्यांना लावलं, आणि माघारी जाताना एकीनंही सेक्रेटरीसाहेबांकडे बघितलं नाही. शेवटचं गीत संपेपर्यंत ते तसेच उभे, झाकण हातात धरून.