अनसूयाकाकूंची गाठ

अनसूयाकाकू बोलू लागल्या की त्यांची बोटे जुडी बांधायची. समोर मेथी असो वा नसो. कोणाच्या दुखवट्याला गेल्या तरी मांडीवर पदराचे टोक घेऊन वेढा, गाठ, ओढ, असे चाललेले असायचे. बार्शीटाकळीत माझ्या सासरच्या घराला लागून त्यांचा भाजीचा मळा होता. दुपारी मी त्यांच्याकडे जुड्या बांधायला जात असे. माझ्या तोंडून शब्द निघत नसे, त्याचा त्यांना राग यायचा.

"वनिता, तोंड काय निसतं जेवाले देलं का देवानं? कधी 'नाई' म्हणून त पाह्य. गोड लागते."

शेवंती ही त्यांची कोंबडी. पिवळसर, भांडकुदळ. आम्ही भाजी निवडताना ती काकूंच्या मांडीला टेकून बसायची आणि किडकी पाने टाकली नाहीत तर चोच मारायची. एका सकाळी काकूंचा मुलगा दिलीप ऑटोत वांग्याची कॅरेटे चढवत होता. वरचे कॅरेट घसरले ते तिच्या पायावर. हाड मोडले, कातडी फाटली, पंजा उलटा फिरला.

"आई, हे काई पुन्हा चालत नाई," दिलीप म्हणाला. "रविवारी जावईबापू येऊनच राहिले. तवा कापून टाकू."

जावई आला की कोंबडी कापायची, हा आमच्याकडचा रिवाज. काकूंनी शेवंतीला टोपल्यात घातले, माझ्या हाताला धरले आणि गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम धुतली, कामट्या लावून मऊ पट्टी बांधली आणि तिला हात लावू नका म्हणून बजावले.

घरी येताच काकूंनी ती पट्टी ओढून पाहिली. "हे काय बांधणं झालं, बाप्पा? असी जुडी अकोल्याच्या बाजारात पोचाच्या आधी सुटून जाईन." त्यांनी सुतळी ओली केली आणि पट्टीवरून मेथीसारखी करकचून बांधली. जुड्या बांधणारा दोन पिढ्यांचा हात, गाठ पक्की बसली.

दुसऱ्या दिवशी पंजा सुजून जांभळा झाला होता. गार लागत होता. काकूंनी विळ्याने सुतळी कापली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसल्या.

"कापलेल्या भाजीले आवळलं त चालते," त्या म्हणाल्या. "हे त जितं हाय."

पुन्हा दवाखाना. डॉक्टर खूप रागावले. काकूंनी मान खाली घालून सगळे ऐकून घेतले. त्यानंतर रोज जखम धुऊन झाली की टोमॅटोचे झाड काठीला बांधतात तशी सैल गाठ त्या मारू लागल्या. मधून बोट फिरले पाहिजे. हात आवळायला निघाला की स्वतःवरच ओरडायच्या, "ढिली ठेव वं, म्हातारे!" जुन्या साडीची झोळी करून ती बाजेखाली टांगली. तिला भोके पाडून शेवंतीचे पाय खाली सोडले, म्हणजे भार पडू नये. मी शेवंतीला धरायची, त्या हळद लावायच्या. तिच्या पंजाचे एक बोट वाळून गळाले. काकूंनी ते जास्वंदीच्या बुडाशी पुरले आणि म्हणाल्या, "उभं राहाले सगळीच बोटं लागते काय?"

रविवार आला. शेवंती झोळीतच होती. दिलीप सुरी घेऊन अंगणात आला, तर काकू बाजेवर पाय खाली सोडून बसलेल्या.

"आई, उठ. पावणे येऊन राहिले."

"मी नाई उठत."

"मंग त्याहिले काय वाढू?"

"वांगं. त्याच्याच कॅरेटानं हिचा पाय मोडला ना?"

त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि भाकरी झाली. जावई हसून म्हणाले, "मामी, कोंबडीचा आवाज येऊन राहिला, पण ताटात काई दिसत नाई."

"बाजेखाली बसली हाय. हात जोडा अन् भरीत खा."

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी भिंतीपलीकडून काकूंची आरोळी आली, "वनिता! उभी राह्यली वं!" मी धावले. शेवंती वाकड्या पंजावर डुलत उभी होती आणि काकू तिच्यासमोर उकिडव्या बसून रडत होत्या.

पुढे काकूंचे गुडघे गेले. मुलीने त्यांना अमरावतीला राजापेठेत नेले. तिसऱ्या मजल्यावर कोंबडी कशी ठेवणार? जाताना त्यांनी शेवंतीला माझ्या पदरात दिले.

परवा आमचे मोठे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आले. त्यांच्यासमोर मी कधी बोललेली नाही. दाराआडून चहा पुढे करायचा, एवढेच. अंगणात लंगडत फिरणारी शेवंती पाहून ते म्हणाले, "हे लंगडी काहून पोसून राहिले? संध्याकाळी रस्सा होऊ द्या."

माझी बोटे पदराला गाठ मारू लागली. मी दाराबाहेर आले.

"नाही," मी म्हटले. "ती कापायची नाही."

भासऱ्यांच्या हातातली कपबशी तशीच राहिली. मग ते म्हणाले, "बरं बाप्पा, नाई त नाई."

संध्याकाळी काकूंना फोन केला आणि झाले ते सांगितले.

"दारामांगून म्हटलं का?" त्यांनी विचारले.

"नाही काकू. समोर येऊन."

त्या घरात कोणाला तरी ओरडून सांगू लागल्या, "आयकलं का वं? उभी राह्यली!"

मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "कोण, शेवंती?"

"नाई वं. वनिता."