वाढवलंय, अक्का!

हे माझ्या नवऱ्याला कधी कळलं नाही, मुलांना नाही, आणि नातीला तर मुळीच नाही. आजी साउंड इंजिनिअर होती म्हणून ती कॉलेजात मिरवत असते! तिला कशी सांगू? तुम्हाला सांगते.

तेव्हा तुम्ही मला बघायला हवं होतं — साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या, गळ्यात हेडफोन मंगळसूत्रासारखा, आणि ताठा असा, की बंगळुरात, आमच्या बनशंकरीतले सगळे आवाज जणू माझ्याच परवानगीने निघतात! पण काय ते मिक्सरसमोर बसणं! बोटाने एक पट्टी वर सरकवली की तंबोरा हॉलभर पसरायचा. आत्ताही, बघा, अंगावर काटा आला.

ती खुर्ची मला मिळाली सुमित्राअक्कांमुळे. त्या अभंग गायच्या. आयोजक कुरकुरले, मुलगी कशाला? अक्का म्हणाल्या, "हीच बसेल. नाहीतर मी गात नाही. सरी?" कानडीत, म्हणजे — ठीक?

आता धंद्यातली एक लबाडी. गायकासमोर एक स्पीकर असतो, मॉनिटर. त्यात त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. आणि प्रत्येक गायक खुणावतो — वाढव, वाढव! खरंच वाढवलं तर शिट्टी वाजते. म्हणून पट्टीवर नुसतं बोट ठेवायचं आणि मान डोलवायची. गायक खूश! मला काय मजा यायची त्यात — मोठमोठे गवई माझ्या रिकाम्या बोटावर फसायचे!

त्या संध्याकाळी अक्कांनी खुणावलं. मी बोट ठेवलं. पुन्हा खुणावलं — पुन्हा बोट, वर एक गोड हसू. मग त्यांच्या डोळ्यांत भीती आली. मला दिसली नाही का? दिसली की. सूर घसरला. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

मध्यंतरात मंचावर गेले, तर मॉनिटरची वायर खाली पडलेली. फुलांच्या कुंड्यांना जागा करताना मीच काढली होती — आणि परत लावायची विसरले होते. गुपचूप लावली. कुणी पाहिलं नाही.

आत अक्का एकट्याच बसल्या होत्या. "पोरी, कान गेले गं माझे. तू एवढं वाढवत होतीस, आणि मला काही ऐकूच येईना."

किती शब्द लागले असते मला? चार? पाच? मी म्हणाले, "वय होतं ना, अक्का. स्वल्प आराम करा."

उत्तरार्धात त्या गायल्या नाहीत. त्यानंतर मंचावर कधीच नाही. आणि माझी मात्र पाठ थोपटली गेली — पोरीने काय धीराने निभावलं म्हणून! त्यातूनच पुढची कामं आली, मग स्टुडिओ, मग नाव. मला वाईट वाटलं असेल, असं वाटतं तुम्हाला? छे! मी घरी नाचत गेले.

अक्का पुढे कितीतरी वर्षं फोन करायच्या. मी नुसतं "हॅलो" म्हटलं, की तिकडून लगेच — "सर्दी झालीय का गं? आवाज बसलाय तुझा." दर वेळी बरोबर! आणि मी म्हणायचे, हो अक्का, थोडीशी झालीय — आणि फोन ठेवायचे.