लष्कर म्हणजे खाली

आमच्या व्हिडिओ गेमचा चौथा भाग कधी आलाच नाही, याचा राग मला अजून येतो. ग्वाल्हेरच्या दौलतगंजात चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या, स्वतःलाच जवळचा नंबर लागलेल्या माणसाने अंतराळातल्या लढाईवरून चिडावं हे शोभत नाही, असं बायकोचं मत आहे. नसेल शोभत. ज्यांनी गोष्ट अर्धी सोडून दुकान बंद केलं त्यांना कोणी काही बोलत नाही आणि वाट बघणाऱ्याला मात्र पोरकट म्हणायचं, हा कुठला न्याय?

आम्ही तेव्हा शिंदे की छावनीत राहत होतो. मी आणि ताई. ताई माझ्याहून मोठी, आणि हे ती मला कधी विसरू द्यायची नाही. शाळेतून आलं की गेमची पिवळी कॅसेट काढायची, तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची, खाचेत बसवायची आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं. टीव्हीवर दोन जहाजं यायची. निळं ताईचं, लाल माझं. समोरून शत्रूंच्या झुंडी, मागे तारे, आणि आम्ही दोघं गोळ्या झाडत पुढे. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले, पुढे तलवारी गेल्या आणि कारकुनी आली. बाबा दारातून बघून म्हणायचे, "चला, घराण्यात पुन्हा कोणीतरी मोहिमेवर निघालं!"

ताई माझ्यापेक्षा चांगली खेळायची. तिला सगळा पडदा एका नजरेत दिसायचा. ती स्वतःचं जहाज चालवत मलाही हुकूम सोडायची, आणि त्या हुकमांवरूनच आमची ती प्रसिद्ध फजिती झाली.

दुसऱ्या भागातला शेवटचा राक्षस समोर होता. ताई ओरडली, "खाली!" आता महाराष्ट्रातल्या माणसाला यात काही अवघड वाटणार नाही. पण आम्ही ग्वाल्हेरचे. घराच्या उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. गल्लीतल्या पोरांबरोबर खेळताना "मेरा खाली!" याचा अर्थ एकच असायचा, माझे बॉम्ब संपले, मला वाचव. मी इमानदार भाऊ. ताईचे बॉम्ब संपले असं समजून मी लाल जहाज सरळ वर नेलं, तिच्या पुढ्यात आडवं घातलं आणि दोघंही एकदमच फुटलो.

"खाली म्हणजे खाली रे, गाढवा! मराठीतलं खाली!"

"मला काय माहीत तू कुठल्या भाषेत बोलून राहिलीस?"

दोन दिवस अबोला झाला. मग ताईनेच तोड काढली. तिला तेव्हापासून नकाशांचं वेड. ती म्हणाली, आपलं गावच घ्यायचं. वर जायचं तर "किल्ला", कारण किल्ला डोंगरावर. खाली जायचं तर "लष्कर", कारण आमचा तो लष्कर भाग किल्ल्याच्या पायथ्याशी. उजवीकडे "मुरार", किल्ल्याच्या पूर्वेची वस्ती. डावीकडे "उरवाई", किल्ल्याच्या पश्चिमेच्या दरवाजाचं नाव. खाली हा शब्द हिंदीला देऊन टाकला. त्यानंतर आम्ही हरलो ते स्वतःच्या चुकांनी हरलो, भाषेने नाही. आई मात्र वैतागायची. स्वयंपाकघरातून तिला ऐकू यायचं, "लष्कर, लष्कर, आता मुरार!" आणि तिला वाटायचं पोरं सवारीच्या टेम्पोत बसून कुठे निघालीत.

तिसऱ्या भागाचा शेवट मला आजही पाठ आहे. शेवटचा शत्रू फुटतो. त्याच्या मागे एक काळा ढग असतो, इतका मोठा की तारे दिसेनासे होतात. लाल आणि निळं जहाज त्या ढगात शिरतात. पडदा पूर्ण काळा होतो. इंजिनाची घरघर मात्र थोडा वेळ ऐकू येत राहते, आणि मग इंग्रजीत अक्षरं येतात की लढाई अजून संपलेली नाही. बस. पुढे काहीच नाही. जगभर माझ्यासारखे बरेच जण अजून वाट बघतात. इंटरनेटवर ते आपापल्या स्वप्नातला चौथा भाग रंगवत असतात. कोणाला मोठ्या तोफा हव्यात, कोणाला झकास चित्रं हवीत. मला ते सगळं वाचून वाटायचं, अरे पण ढगाचं काय?

ताई पुढे भूगोलाची शिक्षिका झाली आणि लग्न करून माधवगंजात राहायला गेली, म्हणजे तशी हाकेच्या अंतरावर. गेल्या वर्षी ती माझ्या दुकानात आली. म्हणाली, नंबर वाढलाय, फळ्यावरचं नीट दिसत नाही. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि काचा बदलत गेलो. ही घाल, ती घाल. कोणतीही काच लावली तरी ती म्हणायची, "कडेची अक्षरं दिसतात. मधलं अक्षर नाहीये." मी काचा पुसल्या, पुन्हा लावल्या, उगाचच दिवा हलवून पाहिला. मला कळलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं तेच, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातोय, कडा तेवढ्या राहतील, आणि याला चष्मा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. साऱ्या लष्कर भागाला चष्मे विकतो मी आणि सख्ख्या बहिणीला द्यायला माझ्याकडे एक काच नव्हती. त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रडलो.

ताई रडली नाही. तिने त्याहून वाईट केलं, ती गप्प झाली. शाळा सोडली. घराबाहेर पडणं बंद केलं. दवाखान्यातल्या बाईंनी पांढरी काठी कशी फिरवायची ते शिकवलं होतं. ती काठी तिने दारामागे छत्रीशेजारी उभी करून ठेवली. मुलगा बंगळुरूला असतो. त्याने आग्रह धरला की तुम्ही दोघं इकडेच या. भावोजी भला माणूस, पण घाबरलेला. दिवाळीला ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "संक्रांत झाली की घर खाली करू. माझ्याकडून एकट्याकडून नाही होणार रे. मी दूध आणायला गेलो तरी जीव टांगणीला लागतो."

"आणि ताईचं काय म्हणणं?"

"ती म्हणते, इथे राहून तरी काय बघणार आहे?"

मी तिच्या खोलीत गेलो. मला माहीत होतं की तिला जायचं नाही. तिथे अकराव्या मजल्यावर, अनोळखी लिफ्टमध्ये, ती बटणसुद्धा शोधू शकणार नाही. इथली प्रत्येक पायरी तिच्या पायाला ओळखीची आहे. पण हे बोलून दाखवलं असतं तर ती उठून गेली असती. म्हणून मी वेगळंच बोललो. म्हणालो, "ताई, चौथ्या भागाचं मला सुचलंय."

"कशाच्या?"

"आपल्या गेमच्या. ती ढगात गेलेली जहाजं. इतकी वर्षं लोक समजतात की पडदा काळा झाला म्हणजे गेम संपला. मला वाटतं तो सुरूच होता. पडद्यावर काही दिसत नाही, एवढंच. चौथा भाग ढगाच्या आत आहे. सगळा काळोख. आवाजावर खेळायचं."

ती म्हणाली, "मला बनवू नकोस. मी आंधळी होत चाललेय, येडी नाही."

मी उठलोच होतो. दारापर्यंत गेलो तेव्हा तिचा मास्तरणीचा आवाज मागून आला, "आणि शत्रू? सगळ्यांचा आवाज सारखा असून कसं चालेल? लहान कोणता, मोठा कोणता, ये कैसे पता चलेगा?"

झालं. त्यानंतर मी रोज दुपारी दुकान बंद असताना तिच्याकडे जायला लागलो आणि आम्ही चौथा भाग रचायला लागलो. माझी कल्पना एकीकडे राहिली, ताईने सगळा कारभार हातात घेतला. प्रत्येक जहाजाला तिने वेगळा आवाज दिला. दगड जवळ आला की आपल्याच इंजिनाचा आवाज त्यावर आपटून परत येईल, मोकळी जागा असली की आवाज पसरेल. मी म्हणालो, शेवटी ढग संपेल, जहाजं बाहेर पडतील आणि सगळीकडे झगझगीत उजेड होईल. तिने ठाम नकार दिला.

"ढग संपवायचा नाही."

"अगं पण काहीतरी चांगला शेवट..."

"हाच चांगला. किती दिवस जहाज घेऊन बाहेरच पडत राहायचं? त्यांना तिथेच ठिकाणा मिळू दे. एखादं बंदर असू दे. दोन दुकानं असू दे. अंधारात राहणाऱ्यांनी काय गजक खाऊ नये?"

त्या वेळी खरोखरच कोपऱ्यावरून गजकवाल्याचा ठोका ऐकू येत होता. थंडी पडली की आमच्याकडे गल्लोगल्ली गजकेसाठी गूळ आणि तीळ लाकडी मोगऱ्यांनी कुटत बसतात. मी म्हणालो, "चल मग. आणू." ती हो म्हणाली हे मला दोन क्षण कळलंच नाही.

दारामागून काठी निघाली. भावोजी ओट्यावर उभे राहून देवाला आणि मला आळीपाळीने हाका मारत होते. ओटा उतरायचा होता, त्याच्यापुढे नाली. मी ताईच्या शेजारी होतो आणि मला सगळं दिसत होतं. शेवटची पायरी आली तसा मी घाईने म्हणालो, "खाली!"

मला म्हणायचं होतं, पायरी आहे, पाय खाली टाक. तिने इतकी वर्षं हिंदीतून भूगोल शिकवलेला. तिने ऐकलं, रस्ता खाली आहे, खुशाल चल. तिने ऐटीत लांब पाऊल टाकलं ते थेट नालीत. मी धरायला गेलो तो मीही तिच्यावरच कोसळलो. नाली कोरडी होती हे पूर्वजांचं पुण्य.

भावोजींनी डोक्याला हात लावला. मला वाटलं, संपलं, आता बंगळुरू. आणि ताई हसायला लागली. नालीत बसून, साडीला धूळ, चपला कुठे पत्ता नाही, आणि ती पोट धरून हसत होती. मी तिचं ते हसणं किती महिन्यांनी ऐकलं. तिला धड बोलताही येईना. "दोघंही... पुन्हा दोघंही मेलो! अरे, लष्कर! लष्कर म्हणायचं ना!"

त्या दिवशी गजक आली नाही, पण भाषा परत आली. दुसऱ्या दिवसापासून पायरी चढायची तर किल्ला, उतरायची तर लष्कर. उजवीकडे मुरार, डावीकडे उरवाई. खाली हा शब्द पुन्हा हिंदीच्या स्वाधीन केला. आधी मी तिच्या शेजारून चालायचो, मग एक पाऊल मागून. गल्लीतले लोक बघायचे. भर माधवगंजात हा माणूस "मुरार, मुरार" ओरडतोय म्हणून एक ऑटोवाला खरंच थांबला, त्याला ताईनेच वाटेला लावला. हळूहळू मला बोलायचं काही उरेना. मी सांगायच्या आत ती म्हणायची, "माहीत आहे. गजकवाला मुरारला आला, म्हणजे आता लष्कर."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिने मला ओट्यावरच थांबवलं. म्हणाली, "आज तू चूप बसायचं. जहाज माझं." मी भावोजींच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि चांगलंच घट्ट धरलं होतं.

ती ओटा उतरली. नाली ओलांडली. भिंतीच्या कडेने काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे रस्ता ओलांडायचा असतो, आणि तिथेच आमचा जीव अडकला होता. ती थांबली. एक मोटारसायकल गेली, मग भाजीचा ठेला. तिने मान थोडी तिरकी केली, लहानपणी अवघड जागी करायची तशी. गजकवाल्याचे ठोके पलीकडून येत होते. मग ती कोणालाच उद्देशून नाही, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"खाली!"

आणि चालत पलीकडे गेली.

परत आली तेव्हा गजकेचा पुडा तिच्या हातात गरम होता. ओट्याची पायरी चढताना "किल्ला" म्हणायलाही ती विसरली नाही. भावोजींचे डोळे भरून आले होते, ते तिला दिसण्याचा प्रश्न नव्हता, पण त्यांनी नाक ओढलेलं तिने बरोबर ऐकलं. तिने पुडा त्यांच्या हातात दिला.

"अहो, मुलाला फोन लावा," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, सुट्टीत तूच ये. आई घर खाली करत नाही."